डिस्चार्जच्या रुग्णाला औषधाचं पत्रक द्यायचंय, त्यात काय ठेवू आणि काय गाळू?

चाफा

नमस्कार. मी रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. वॉर्डातून घरी निघालेल्या रुग्णांना औषधं समजावून सांगणं हे माझं काम. आतापर्यंत सगळं तोंडी चालायचं. आता घरी जाताना हातात लेखी माहितीही द्यायची असं ठरलंय आणि ती लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. सुरुवातीला मी पाच औषधं निवडली: संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट, रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं वॉरफरिन, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, थायरॉइडसाठीचं थायरॉक्सिन आणि हाडांसाठीचं आलेंड्रोनेट. घेण्याची रीत चुकली की यांचा फायदा तरी जातो, नाहीतर जिवावर तरी बेततं.

मेथोट्रेक्सेटचा मसुदा झाला. दोन पानांचा होता, मग डॉक्टरांनी एकेक मुद्दा वाढवत नेला आणि आता तो चार पानांचा आहे. एका डॉक्टरांचं म्हणणं, कंपनीच्या पत्रकातला प्रत्येक दुष्परिणाम यात हवाच, उद्या कुणी 'आम्हाला सांगितलंच नाही' म्हणायला नको. दुसरे म्हणतात, दुष्परिणाम छापूच नका, रुग्ण वाचून घाबरतो आणि गोळी बंद करतो. दोघांनाही रुग्णाचीच काळजी आहे, त्यामुळे कुणा एकाचं ऐकून मोकळं व्हायला मन होत नाही.

तोंडी सांगणं पुरत नाही हे मात्र मी रोज बघते. डिस्चार्जचा कागद हातात पडला की माणसाचं मन घरी पोचलेलं असतं. नातेवाईक पिशव्या भरत असतात, कुणी गाडीची चौकशी करत असतं, आणि मी खाटेशी उभी राहून सांगत असते की ही गोळी आठवड्यातून एकदाच. समोरून 'हो, हो' येतं. त्या 'हो'वर मला विसंबता येत नाही.

तर विचारायचंय ते असं. दुष्परिणाम किती लिहावेत आणि कसे? लोक असली पत्रकं खरंच वाचतात का? आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी काय करता? हे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी किंवा घरी असं पत्रक वापरलेल्यांनी सांगितलं तर फार मदत होईल.

गुळवेल

चाफाताई, तुमच्या चार पानांतलं एकही वाक्य चुकीचं नसेल, तरी ते पत्रक घरी उपयोगी पडेल असं मला वाटत नाही. मी बरीच वर्षं हेच काम करतोय. पत्रक लिहायचं, ज्यांचा औषधांशी काही संबंध नाही अशांच्या हातात द्यायचं, ते कुठे अडतात ते पाहायचं, आणि पुन्हा लिहायचं. त्यातून माझं मत पक्कं झालंय की रुग्ण पत्रक वाचत बसत नाही, तो त्यात शोधतो. गोळ्या सुरू करताना एकदा वरवर नजर टाकतो. पुढे कधीतरी ताप येतो, गोळी राहून जाते, दाढ दुखायला लागते, तेव्हा तो कागद बाहेर निघतो. त्या घटकेला त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं आणि ते लगेच हवं असतं. ते उत्तर तिसऱ्या पानावर, परिच्छेदाच्या पोटात असलं तर नसल्यातच जमा.

म्हणून लिहायला बसण्याआधी घरी पडणारे प्रश्न लिहून काढा. मेथोट्रेक्सेटचे साधारण हे असतात: कुठल्या दिवशी घ्यायची? एकावेळी किती? राहिली तर? ताप आला तर घ्यायची की थांबायचं? दुखणं कमी का होत नाही अजून? डोकं दुखतंय, घरात पडलेली वेदनाशामक गोळी चालेल का? मूल हवं असेल तर? कुणाला फोन करू? या प्रश्नांपैकी कशाचंच उत्तर देत नाही ते वाक्य गाळायचं. गोळी शरीरात कुठल्या एन्झाइमला अडवते हा परिच्छेद तुमच्या मसुद्यात असणार, माझी खात्री आहे. तो जाऊ द्या. ज्याला हवाय तो विचारेल आणि तुम्ही आनंदाने सांगाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आठवड्यातून एकदा. घरातली बाकीची प्रत्येक गोळी रोजची असते, त्यामुळे हीसुद्धा हात सवयीने रोज उचलतो. डबीत गोळ्या भरणारा माणूस बदलला की धोका आणखी वाढतो. रोज घेतली तर अस्थिमज्जेवर, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या भागावर, घाला पडतो, पांढऱ्या पेशी घटतात, तोंड आतून सोलून निघतं, आणि अशाने माणसं दगावली आहेत. हे इतक्या ठिकाणी आणि इतक्या वेळा घडलं की युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2019 मध्ये त्यासाठी खास उपाय सुचवले: पाकिटावर ठळक इशारा, गोळ्या सुट्या बाटलीऐवजी पत्त्यात, म्हणजे स्ट्रिपमध्ये, आणि रुग्णाजवळ ठेवायला एक कार्ड. तुमच्या पत्रकात 'आठवड्यातून एकदा' मोठ्या अक्षरात असेलच, पण त्यापुढे वाराचं नाव हवं, आणि ते पूर्ण. नुसतं 'सोम' नको, 'सोमवार'. तो वार रुग्णाला विचारून, त्याच्या समोर, हाताने लिहा. स्वतः निवडलेला वार माणूस लक्षात ठेवतो. शिवाय त्याखाली एक ओळ टाका की इतर सहा दिवस ही गोळी घ्यायची नाही. काहींना ती अनावश्यक वाटेल. तुम्ही ठेवाच.

सूचनेसोबत कारण लिहायला विसरू नका. आलेंड्रोनेटचं बघा. उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हे एवढंच लिहिलं की माणूस गोळी घेतो आणि उशीला टेकून पाय पसरतो, कारण त्याच्या मते तो आडवा झालेलाच नाही. तेच 'गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, म्हणून ताठ बसा किंवा उभे राहा' असं लिहिलं की उशीचा प्रश्न त्याचा तोच सोडवतो. थायरॉक्सिनलाही हेच लागू. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तास लांब ठेवा म्हटलं की लोक कंटाळतात. त्या गोळ्या थायरॉक्सिन शोषू देत नाहीत, मग तपासणीत थायरॉइड कमी पडतंय असं दाखवणारा आकडा वर राहतो आणि डोस विनाकारण वाढतो, एवढं सांगितलं की पाळतात.

प्रेडनिसोलोनसाठी एकच गोष्ट सगळ्यांत वर: काही आठवडे घेतलेली गोळी एकदम बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तशी उतरवायची. बरं वाटलं की बंद करणारे फार असतात.

दुष्परिणामांबद्दल. तुमच्या दोन्ही डॉक्टरांच्या मधला रस्ता आहे. कंपनीच्या पत्रकात अवयवांनुसार यादी असते, त्वचेचे, पोटाचे, रक्ताचे. ती डॉक्टरांच्या सोयीची. रुग्णाला त्याने काय करायचं यावरून विभागणी लागते. पहिला गट, आजच फोन करा आणि पुढची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. दुसरा, त्रास होईल पण धोका नाही, पुढच्या भेटीत सांगा. बाकी सगळी यादी कंपनीच्या पत्रकात आहे असं एका ओळीत सांगा आणि ते पत्रकही सोबत द्या. कुणाला काही लपवल्यासारखं वाटणार नाही आणि पान भरून भीतीही वाढणार नाही.

किती जणांना होतो हे लिहिताना 'सामान्यतः', 'क्वचित' असले शब्द एकटे ठेवू नका. युरोपच्या पत्रकांत 'सामान्य' म्हणजे 100 जणांत 1 ते 10 जणांना होणारा दुष्परिणाम. वाचणारा मात्र त्यापेक्षा कितीतरी जास्त धरतो, जवळपास निम्म्यांना होत असेल असंही समजतो. '100 जणांनी घेतलं तर 10 पेक्षा कमी जणांना मळमळ होते, 90 पेक्षा जास्त जणांना होत नाही' असं दोन्ही बाजूंनी लिहिलं तर चित्र नीट उभं राहतं.

मसुदा झाला की तपासायला डॉक्टरांकडे पाठवाच, पण तेवढ्यावर थांबू नका. युरोपात 2004 च्या कायदादुरुस्तीनंतर पत्रक रुग्णांसारख्या माणसांकडून तपासून घेणं बंधनकारक झालं. तिथला निकष मला आवडतो: वाचता येणाऱ्या प्रौढांपैकी 90 टक्के लोकांना विचारलेली गोष्ट सापडली पाहिजे, आणि ज्यांना सापडली त्यांतल्या 90 टक्के लोकांना ती समजली पाहिजे. यासाठी फार मोठी तयारी लागत नाही. प्रतीक्षा कक्षात बसलेल्या, वेळ असलेल्या माणसाला विचारा. 'कसं वाटलं?' असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. 'समजा गोळी चालू आहे आणि तुमचा घसा दुखतोय, ताप आहे. काय कराल? कागदावर बोट ठेवून दाखवा.' बोट कुठे कुठे फिरतं ते बघत राहा. ते जिथे आधी जातं तिथे ते उत्तर असायला हवं.

अक्षराचा आकार: तिकडच्या मार्गदर्शनात 9 पॉइंट ही किमान मर्यादा आहे. वयस्कर रुग्णांसाठी मी 14 च्या खाली उतरत नाही. जागा पुरत नसेल तर मजकूर कापतो, अक्षर नाही.

पाऊलवाट

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. वडिलांची औषधं मी सांभाळते, तेवढ्यावर लिहिते आहे.

गुळवेल म्हणतात ते सगळं पटलं, पण एक गोष्ट राहिली. प्रत्येक औषधाचं वेगळं पत्रक मिळालं तर आमच्यासारख्या घरात ती कागदांची चळत होते. वडिलांना हृदयाची, रक्तदाबाची, साखरेची, प्रोस्टेटची अशी बरीच औषधं आहेत. मला खरी गरज असते ती एकाच कागदाची, ज्यावर सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे रकाने आहेत आणि प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी आहे ते लिहिलंय. 'रक्तदाबासाठी', 'पायांवरची सूज उतरण्यासाठी'. बाबांना गोळीचं नाव आठवत नाही, पण 'सुजेची गोळी' म्हटलं की लगेच कळतं.

आणि बंद केलेल्या औषधांची यादी! ती कुणीच देत नाही. मागच्या वेळी डिस्चार्जनंतर नवी रक्तदाबाची गोळी सुरू झाली. घरात जुन्या गोळीचे पत्ते शिल्लक होते. पाकीट वेगळं, रंग वेगळा, नाव वेगळं. बाबा दोन्ही घेत राहिले, कारण जुनी बंद करा असं कागदावर कुठेच नव्हतं. उठताना चक्कर यायला लागली तेव्हा मी दोन्ही पत्ते शेजारी शेजारी ठेवून बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचलं. एकच होतं. तुमच्या कागदावर 'आता बंद केलेली औषधं, घरात असतील तर परत आणून द्या' असा एक चौकोन टाकाल का? त्यात जुन्या पाकिटावर छापलेलं नाव लिहा, कारण आम्हाला तेच ओळखता येतं.

नावाचा घोळ पत्रकांतही असतो. वर 'आलेंड्रोनेट' लिहिलेलं आणि हातातल्या पत्त्यावर कंपनीने ठेवलेलं नाव. हे त्याचंच पत्रक आहे हे कळायला मार्गच नसतो. वर एक रिकामी ओळ ठेवा, 'तुमच्या गोळ्यांच्या पत्त्यावरचं नाव', आणि ती देताना भरा.

बाबा कागद वाचतात का? हो, भिंग घेऊन, आणि जे पटलं त्याखाली रेघ ओढतात. म्हणून कृपा करून गुळगुळीत चकचकीत कागद वापरू नका. त्यावर पेन चालत नाही.

आरसपानी

मी फिजिशियन आहे, आणि चाफा यांनी ज्या दुसऱ्या डॉक्टरांचा उल्लेख केला त्यांच्या बाजूने थोडं बोलतो. दुष्परिणाम लपवावेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण वाचलेल्या शब्दांचा शरीरावर परिणाम होतो ही गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतो. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन सुरू केलं आणि त्रास होतो म्हणून बंद केलं असे 60 जण निवडले. त्यांना वर्षभराच्या बाटल्या दिल्या: चार महिने स्टॅटिन, चार महिने औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, आणि चार महिने रिकामी बाटली, म्हणजे काहीच नाही. महिन्यांचा क्रम उलटसुलट. रोज त्रासाला 0 ते 100 मध्ये गुण द्यायचे. काहीच न घेण्याच्या महिन्यांत सरासरी 8, स्टॅटिनच्या महिन्यांत 16.3, आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत 15.4. म्हणजे त्रास खराच होता, त्यांना तो जाणवत होता, पण त्याचा 90 टक्के भाग 'आपण गोळी घेतोय' यातून आला होता. प्रत्येकाला त्याचे स्वतःचे असे आकडे दाखवल्यावर निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

यावरून मी काय घेतो? पत्रकात आधी फायदा लिहावा. गोळी न घेतल्यास सांध्यांचं काय होतं, घेतल्यास काय वाचतं, हे दोन ओळींत आणि ठोस. बहुतेक पत्रकांत फायद्याला अर्धी ओळ आणि धोक्याला पानभर जागा असते, मग वाचणाऱ्याने गोळी का घ्यावी? मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत तर फरक पडायला 6 ते 12 आठवडे लागतात. हे लिहिलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात रुग्ण म्हणतो, दुखणं आहे तसंच, वर मळमळ. आणि सोडतो.

आणखी एक. वाचता येणं आणि करता येणं यांत अंतर असतं. 2006 मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात रुग्णांना औषधाच्या लेबलवरच्या सूचना वाचायला दिल्या होत्या. 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा' ही सूचना, वाचन जेमतेम येणाऱ्या गटातल्या सुमारे 71 टक्के लोकांनी बरोबर सांगितली. दिवसभरात किती गोळ्या होतात ते मोजून दाखवा म्हटल्यावर फक्त 35 टक्क्यांना जमलं. म्हणून 'सकाळी 2, रात्री 2' असंच लिहा. चिठ्ठीवरची आमची लघुरूपं पत्रकात येऊच देऊ नका.

गुळवेल

डॉक्टर, फायदा आधी हे शंभर टक्के मान्य. त्या प्रयोगातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट शेवटची आहे. लोकांना खरं काय ते दाखवलं आणि त्यामुळे ते औषधाकडे परतले. माहिती कमी देऊन हे झालं नसतं.

'घाबरतील' हे कारण फार जुनं आहे. अमेरिकेत 1970 मध्ये गर्भनिरोधक गोळीच्या धोक्यांवर सिनेटमध्ये सुनावणी झाली तेव्हा गोळी घेणाऱ्या एकाही बाईला साक्षीला बोलावलं नव्हतं. बायका प्रेक्षागृहातून उठून विचारू लागल्या की आमच्या शरीरात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात हे आम्हाला कुणी का सांगितलं नाही? त्याच वर्षी गोळीसोबत रुग्णासाठी लेखी माहिती देणं बंधनकारक झालं. त्या माहितीचा मसुदा बराच कापला गेला, पण कागद आला. पुढे 1980 मध्ये दहा प्रकारच्या औषधांसाठी तसाच नियम झाला आणि 1982 मध्ये तो मागेही घेतला गेला. ठरावीक जोखमीच्या औषधांसाठी रुग्ण-मार्गदर्शिका सक्तीची व्हायला 1990 चं दशक सरावं लागलं. एवढ्या ओढाताणीनंतर हा कागद रुग्णाच्या हातात आलाय. म्हणून त्यातून काही गाळताना मी एकच कसोटी लावतो: हे माहीत नसल्यामुळे रुग्णाचं नुकसान होईल का? होणार असेल तर ते राहणार, कितीही अवघड वाटलं तरी. मेथोट्रेक्सेट आणि गर्भारपण हा तसा मुद्दा आहे. तो बाईला लाजत, आडून सांगायचा नसतो.

पाऊलवाट, बंद केलेल्या औषधांचा चौकोन मी आजपासून वापरणार. तुमचे आभार.

चाफाताई, वाचता न येणाऱ्यांबद्दल. चित्रं घालायची इच्छा होते, पण चित्रंही शिकलेल्या डोळ्यांनाच कळतात. सूर्य-चंद्र चालतात. 'वाहन चालवू नका'साठी गाडीवर काट मारलेलं चित्र दाखवलं तर काहींना वाटतं की गोळी प्रवासात नेऊ नये. म्हणून चित्रंही बोट ठेवून विचारायच्या त्याच पद्धतीने तपासा. माझा जास्त भर दोन गोष्टींवर असतो. एक, 'समजलं का?' ऐवजी 'घरी गेल्यावर वहिनींना ही गोळी कशी घ्यायची ते कसं सांगाल, मला सांगा बरं.' माणूस सांगायला लागला की काय सुटलंय ते आपोआप दिसतं, आणि परीक्षा दिल्यासारखं त्याला वाटत नाही. दोन, पत्रकातला मजकूर तुमच्या आवाजात त्यांच्या फोनवर रेकॉर्ड करून द्या. छोटासाच. नातवंडं लावून देतात.

आणि कागद घरी कोण वाचून दाखवणार आहे ते आधी विचारा. सगळी औषधं सगळ्यांसमोर वाचण्याजोगी नसतात. मनाच्या आजाराची, लैंगिक आजाराची गोळी असेल तर 'कशासाठी' या रकान्यात काय लिहायचं ते रुग्णाने ठरवायचं. याला मी कधीच अपवाद करत नाही.

चाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा एका पानावर आणला आहे. दोन्ही डॉक्टरांनी मान्य केला, 'कंपनीचं पूर्ण पत्रक सोबत दिलं आहे' या ओळीवर पहिल्यांचं समाधान झालं. इथे टाकते:

मेथोट्रेक्सेट (तुमच्या गोळ्यांच्या पत्त्यावरचं नाव: ........)
संधिवातामुळे सांध्यांचं होणारं नुकसान रोखण्यासाठी. वेळेवर घेतली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. फरक जाणवायला 6 ते 12 आठवडे लागतात, तोवर सोडू नका.
आठवड्यातून फक्त एकदा. तुमचा वार: ........ त्या दिवशी ........ गोळ्या, एकाच वेळी. इतर सहा दिवस ही गोळी घ्यायची नाही.
फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळ्या दिवशी: ........ हिच्यामुळे मळमळ आणि तोंड येणं कमी होतं.
आजच फोन करा, आणि विचारल्याशिवाय पुढची गोळी घेऊ नका: ताप किंवा घसादुखी, तोंडात फोड, मार न लागता काळेनिळे डाग किंवा रक्त येणं, कोरडा खोकला किंवा दम लागणं, डोळे पिवळे दिसणं, न थांबणाऱ्या उलट्या किंवा जुलाब. फोन: ........
रक्ताची तपासणी ठरलेल्या तारखेला कराच. बरं वाटत असतानाही रक्तातले आणि यकृतातले बदल फक्त तपासणीतच कळतात.
दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे किंवा औषधाच्या दुकानात गेलात तर हा कागद दाखवा. काही जंतुनाशकं आणि वेदनाशामक गोळ्या हिच्यासोबत धोक्याच्या ठरतात.
गरोदर असाल, मूल हवं असेल, स्तनपान चालू असेल तर ही गोळी चालत नाही. आधी बोला. पुरुषांनीही विचारावं.
गोळी राहिली तर: दोन दिवसांच्या आत आठवलं तर घ्या. त्यानंतर आठवलं तर ती सोडा आणि पुढची नेहमीच्या वारी घ्या. दुप्पट कधीही घेऊ नका.

प्रतीक्षा कक्षातल्या लोकांना बोट ठेवायला लावलं. ताप, वार, फोन नंबर हे सगळ्यांना पटकन सापडलं. शेवटच्या ओळीशी मात्र लोक अडतात. सापडते लगेच, पण उत्तरं वेगवेगळी येतात. मी विचारलं, 'मंगळवारची राहिली, गुरुवारी रात्री आठवलं, काय कराल?' एक काका बोटांवर मंगळवार, बुधवार मोजून म्हणाले, 'दोन दिवस संपले, सोडायची.' त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, 'बुधवार एक, गुरुवार दोन, घ्यायची.' दोघंही कागदाला धरूनच बोलत होते. '48 तास' लिहून पाहिलं, तर लोक घड्याळाकडे बघायला लागले. याचं काय करू?

गुळवेल

हे फार छान सापडलं तुम्हाला. पत्रक तयार आहे, एवढी एक ओळ बदला.

मोजायचं काम रुग्णाकडे ठेवूच नका. तुम्ही वार हाताने लिहिताच आहात, तसे आणखी तीन लिहा. ओळ अशी करा: 'गोळी राहिली आणि ........ किंवा ........ या वारी आठवलं, तर आठवताक्षणी घ्या. ........ उजाडला तर ती गोळी सोडा. पुढची नेहमीच्या वारी, नेहमीएवढीच.' मंगळवारच्या रुग्णासाठी पहिल्या दोन जागी बुधवार आणि गुरुवार, तिसऱ्या जागी शुक्रवार. नंतर आणखी एक ओळ: 'उशिरा घेतली तरी तुमचा वार बदलत नाही.' ही नसेल तर गुरुवारी घेतलेला माणूस पुढच्या गुरुवारपर्यंत थांबेल.

सातही वारांचे चार-चार शब्द छापून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे गर्दीच्या वेळी तुमच्या सहकाऱ्यांकडूनही चुकीचा वार लिहिला जाणार नाही. ओळ बदलल्यावर नव्या माणसांना विचारा, त्याच काकांना नको. त्यांना आता उत्तर माहीत आहे. आणि वॉरफरिनचा मसुदा झाला की इथेच टाका, त्यात रक्तस्रावाच्या भागाची गाठ मोठी असते.